१९९१ मस्टँग ५.० : तिसरा गिअर बोलतोय. टी५ उघडू, नवा घेऊ की थेट मोठा बसवू?

डेट्रॉइटचा_दगडू (११ जानेवारी)

मंडळी, विषय जरा आडवळणाचा आहे, सांभाळून घ्या.

माझ्याकडे १९९१ ची फोर्ड मस्टँग एलएक्स ५.० आहे. चौकोनी चेहऱ्याची हॅचबॅक, व्ही८, पाच गिअर. इथे हिला 'फॉक्स बॉडी' म्हणतात. डिअरबॉर्नच्या ज्या कारखान्यातून ती निघाली तिथून माझं घर अर्ध्या तासावर आहे, म्हणजे इतक्या वर्षांत बाईने माहेर काही सोडलं नाही.

ऑक्टोबरात तिसरा गिअर बोलायला लागला. दुसऱ्यातून तिसऱ्यात सावकाश टाकला तर निमूट पडतो. साडेचार हजार आरपीएमला घाई केली की 'खर्रर्र', आणि ती खरखर दांडीतून थेट तळहातात येते. सध्या बाहेर गुडघाभर बर्फ आणि गाडी स्टँडवर.

डोक्यात चार रस्ते आहेत. आहे तोच बोर्ग-वॉर्नर टी५ गिअरबॉक्स उघडून सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवून देणाऱ्या रिंगा) बदलायचे. किंवा टी५ चाच मजबूत भाऊ, टी५झेड, नवा घ्यायचा. किंवा ट्रेमेकचा टीकेएक्स बसवून कायमची कटकट मिटवायची. नाहीतर भंगारातून सहा गिअरचा टी५६. इंजिन जवळजवळ कंपनीचंच आहे (कागदावर २२५ अश्वशक्ती, ३०० पौंड-फूट टॉर्क), फक्त एक्झॉस्ट बदललाय. मागचा क्राउन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधली गिअरची जोडी) ३.०८ गुणोत्तराचा. गाडी रेसला नेत नाही. ऑगस्टात वुडवर्ड क्रूझ (इथल्या वुडवर्ड रस्त्यावरची जुन्या गाड्यांची जत्रा) आणि उन्हाळ्यात शनिवारी सकाळची एक चक्कर, एवढंच. तुम्ही काय केलं असतं?

पॉपकॉर्न_पाटील

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आमच्या गाडीला क्लचच नाही, त्यामुळे मत द्यायला मी पूर्ण मोकळा आहे. मोठा बसव.

मिसिसागाची_मावशी

टीकेएक्स घे आणि सुटका करून घे. माझी ८८ ची मस्टँग जीटी आहे, वर सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा पंप). पहिला टी५ दुसऱ्या उन्हाळ्यात गेला, त्याच्या जागी आणलेला जुना टी५ त्याच्या पुढच्या. टीकेएक्स ६०० पौंड-फूट टॉर्क झेलतो. बसवल्यापासून गिअरबॉक्स नावाची वस्तू गाडीत आहे हेच विसरले मी. दोनदा खर्च करण्यापेक्षा एकदाच कर.

अण्णा_फिटर

दगडूशेठ, मी एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं गिअरबॉक्स उघडले. मस्टँग फक्त फोटोत बघितली. पण गिअरबॉक्स तो गिअरबॉक्स. घ्यायचं काय ते मागाहून ठरवा, आधी एवढं सांगा:

इंजिन बंद ठेवून पाचही गिअर पडतात का? इंजिन चालू करून, क्लच पूर्ण दाबून, मनात दहा आकडे मोजून रिव्हर्स टाकला तर वाजतो का? न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर काही घरघर येते का आणि दाबल्यावर ती जाते का? वरून खाली, म्हणजे चौथ्यातून तिसऱ्यात येताना पण वाजतो का? शेवटचं, आत ऑइल कुठलं आहे आणि कुणी भरलंय?

सदू_सॅनहोजे

२०० हजार मैल झालेल्या गाडीवर हजारो डॉलर? विकून इलेक्ट्रिक घ्या. एकच गिअर, खरखर नाही, ऑइल नाही.

मिसिसागाची_मावशी

सदूभाऊ, पुरणपोळीच्या धाग्यावर येऊन "ब्रेड टोस्ट करा, सोपं पडतं" म्हणायची तुमची सवय गेली नाही.

पॉपकॉर्न_पाटील

हहपुवा. मावशींना माझ्यातर्फे मोदक.

कलामाझूकर

मी पण मिशिगनातलाच, आणि सुट्टीचा निम्मा वेळ भंगारच्या यार्डात काढणारा. दगडू, भंगारातला गिअरबॉक्स घेणार असशील तर चार ठिकाणी फसशील.

एक म्हणजे टी५ नावाचे डबे ढिगाने सापडतात. चार सिलिंडरच्या गाड्यांतले, छोट्या पिकअपमधले. बाहेरून सख्खे भाऊ, आतले गिअर निराळे आणि टॉर्कला लेचेपेचे. मागच्या हाउसिंगच्या बोल्टखाली पत्र्याची एक बारकी पट्टी असते, तिच्यावर १३५२ ने सुरू होणारा नंबर असतो. पट्टी नसेल तर मी हात लावत नाही. कॅमेरोचा टी५ तर बसतोच तिरका, १७ अंश कलता, त्यामुळे दांडी ड्रायव्हरच्या मांडीकडे झुकते. ९४-९५ च्या मस्टँगचा टी५ हवाहवासा वाटेल, पण त्याचा इनपुट शाफ्ट (इंजिनाकडून जोर घेणारा दांडा) लांब आहे, तुझ्या बेलहाउसिंगला (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या आवरणाला) चालणार नाही. ९६ नंतरच्या जीटीतला टी४५ तर विसरच, त्याची बेलहाउसिंग केसिंगमध्येच ओतलेली आहे आणि ती नव्या इंजिनाच्या बोल्टांची.

टी५६ चं पण तसंच. यार्डात मिळतात ते बहुतेक कॅमेरोचे. इनपुट शाफ्ट बदला, पुढची प्लेट बदला, दांडीची जागा बदला. स्वस्तात मिळालेल्या म्हशीला गोठा महागात बांधावा लागतो.

बोरूबहाद्दर

विषयातलं मला ओ की ठो कळत नाही, पण 'गिअर' की 'गियर' हे आधी एकदा ठरवा. एकाच पानावर दोन्ही आले की डोळ्यांत खडा जातो.

अण्णा_फिटर

आमच्यात 'गेर' म्हणत्यात. "गेर पडंना" अशी तक्रार डेपोतून लेखी यायची.

नाशिकचा_नट_बोल्ट

अवांतर: आमच्या वडिलांच्या पद्मिनीला स्टिअरिंगजवळ दांडी होती. चार गिअर, आणि दुसरा टाकताना शेजारी बसलेल्याच्या गुडघ्याला कोपर लागायचं. त्यावर लग्न ठरलेली माणसं मला माहीत आहेत. पुढे काकांनी १.८ ची कॉन्टेसा घेतली, इसुझूचं इंजिन, पाच गिअर, दांडी खाली जमिनीवर. आम्हा पोरांना ती बघूनच धाप लागायची.

पॉपकॉर्न_पाटील

आणि येझदीला गिअरची दांडी तीच किकची दांडी. मी पंधरा दिवस किक मारायच्या आधी ती आत दाबून फिरवायला विसरत होतो. नडगीवर खूण अजून आहे.

डेट्रॉइटचा_दगडू (१८ जानेवारी)

अण्णा, तुमचे प्रश्न छापून गॅरेजच्या भिंतीला लावले आणि आज सगळं करून बघितलं.

इंजिन बंद: सगळे गिअर पडतात. इंजिन चालू, दहा मोजून रिव्हर्स: वाजला! आजवर मला वाटायचं रिव्हर्स वाजायचाच. न्यूट्रलमध्ये घरघर: अगदी थोडी, क्लच दाबला की जाते. चौथ्यातून तिसरा: वाजतो. ऑइल: आधीच्या मालकाने "नुकतंच बदललंय" सांगितलं होतं, त्याला सात वर्षं झाली. मी प्लग उघडलेला नाही.

अण्णा_फिटर

मग दोन आजार आहेत, एक नाही. दहा मोजेपर्यंत क्लच प्लेट सुटून आतला शाफ्ट थांबायला पाहिजे. रिव्हर्सला सहसा सिंक्रो नसतो, म्हणून तो खोटं बोलत नाही. वाजला म्हणजे शाफ्ट अजून फिरतोय, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. अशा क्लचवर रोज गिअर टाकला की सिंक्रोची रिंग दर वेळी सगळ्या फिरत्या प्लेटला ब्रेक लावत बसते. झिजणारच. आधी क्लच. नवीन गिअरबॉक्स याच क्लचवर बसवला असता तर दोन वर्षांत त्याचा पण तिसरा वाजला असता.

न्यूट्रलची घरघर इनपुट शाफ्टच्या बेअरिंगची किंवा खालच्या शाफ्टाची. ती नंतर बघू.

मिसिसागाची_मावशी

अण्णा, दंडवत. हे माझ्या डोक्यातच नाही आलं.

दगडू, पेडलच्या वर बघ. या गाड्यांना क्लचची केबल आहे आणि ती ओढायला प्लास्टिकचा दातेरी क्वाड्रंट, आपोआप ॲडजस्ट होणारा. इतक्या वर्षांनी त्याचे दात गोल होतात, केबल एक-दोन दात घसरते आणि पेडल तळाला गेलं तरी क्लच अर्धवटच सुटतो. ॲल्युमिनियमचा क्वाड्रंट आणि फायरवॉलला हाताने फिरवायचा ॲडजस्टर, दोन्ही मिळून बसवायला एक दुपार. पाठीवर उताणं होऊन डॅशबोर्डखाली शिरावं लागतं, तेवढी मानेची तयारी ठेव.

डेट्रॉइटचा_दगडू (२ फेब्रुवारी)

बसवला. जुन्या क्वाड्रंटचे तीन दात माझ्या नखाने निघाले. मान अजून एका बाजूला आहे.

आता दहा मोजून रिव्हर्स आवाज न करता पडतो. पहिला-दुसरा लोण्यासारखे. रस्ता कोरडा मिळाला म्हणून एक चक्कर मारली. तिसरा अजून वाजतो, पण आता पाच हजारांच्या वर.

येऊन ऑइलचा प्लग उघडला. अण्णा, आतून निघालं ते घट्ट, तपकिरी, आणि वास असा की बायकोने वरून विचारलं, अंडी नासली का?

कलामाझूकर

सापडला चोर! ते क्राउन-पिनियनचं गंधकवालं गिअर ऑइल आहे. तुझ्या टी५ मध्ये जातं लाल एटीएफ, ऑटोमॅटिक गाडीत घालतात ते पातळ. पंच्याऐंशीपासूनच्या व्ही८ मस्टँगमधला टी५ 'वर्ल्ड क्लास' आहे, त्याच्या सिंक्रो रिंगांना आतून कागदासारखं अस्तर असतं. घट्ट ऑइलात ते अस्तर नीट पकडत नाही आणि हळूहळू सुटत जातं.

अण्णा_फिटर

आमच्याकडे गिअरबॉक्स म्हटला की ९० नंबर, डोळे झाकून. मी पण तेच भरलं असतं. हे आज शिकलो.

सदू_सॅनहोजे

मी म्हटलं होतं, ऑइलच नको.

डेट्रॉइटचा_दगडू (१० फेब्रुवारी)

धुऊन लाल एटीएफ भरलं, अडीच-पावणेतीन लिटर. फरक पडला, पण तिसरा बरा झाला नाही. आता उघडावाच लागेल, आणि उघडल्यावर मूळ प्रश्न पुन्हा दारात: त्यातच पैसे घालू की नवा घेऊ?

मला मिळालेले भाव सांगतो. रिंगा, बेअरिंगं, सील असा सगळा संच साडेतीनशे डॉलरच्या आसपास, मेहनत माझी. टी५झेड त्याच्या पाच-सहापट. टीकेएक्सचा डबा त्याहून वर, आणि तो आणला की सोबत वऱ्हाड आलं: २६ दात्यांची नवी क्लच प्लेट, मागे ३१ दात्यांचा योक (प्रोपेलर शाफ्टचं गिअरबॉक्सात शिरणारं टोक), निराळा क्रॉसमेंबर (गिअरबॉक्स पेलणारा आडवा पट्टा).

मिसिसागाची_मावशी

वऱ्हाड एकदाच जेवतं.

कलामाझूकर

मावशी, तुमच्या सुपरचार्जरला टीकेएक्स शोभतो. दगडूच्या ३०० पौंड-फूटला कशाला? ९० ते ९३ चा टी५ कंपनीने ३०० लाच बांधला होता, त्याआधीचा २६५ ला. टी५झेड ३३० ला. हे डबे मोडतात ते मुख्यतः चिकट टायर लावून पाच हजारावर क्लच सोडणाऱ्यांच्या हातून. केसिंग ॲल्युमिनियमचं आहे. जोर आला की दोन्ही शाफ्ट एकमेकांना दूर ढकलतात, केसिंग केसभर फाकतं, आणि दात टोकावर टोक असे भेटतात. मग तिसऱ्याचे नाहीतर दुसऱ्याचे दात उडतात. साध्या टायरवर चाक घसरतं आणि गिअर वाचतो. शिवाय टी५ साधारण ३५ किलोचा, टीकेएक्स ४५ च्या घरात. जमिनीवर झोपून छातीवर घ्यायचा असतो तेव्हा ते दहा किलो नीट समजतात.

मिसिसागाची_मावशी

आणि उद्या दगडूने सुपरचार्जर लावला तर? लावणारच. मी पण 'फक्त एक्झॉस्ट' म्हणूनच सुरुवात केली होती.

कलामाझूकर

तर मग ६०० चा गिअरबॉक्स शाबूत राहील आणि इंजिनाचा ब्लॉक मधोमध चिरेल. ५०० अश्वशक्तीच्या आसपास या ब्लॉकांचं ते ठरलेलंच आहे. तुम्हालाही सांगून ठेवतो.

मिसिसागाची_मावशी

शुभ बोल रे नाऱ्या. मी ४२० वर थांबले आहे.

नाशिकचा_नट_बोल्ट

बादवे, मावशींच्या गाडीचा फोटो कुणी मागितलाच नाही अजून?

डेट्रॉइटचा_दगडू (१ मार्च)

उघडला. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर टाकून. (परवानगी होती. चादरीची नव्हती.)

तिसऱ्याच्या रिंगचं अस्तर जवळजवळ साफ. हे अपेक्षितच होतं. पण तिसऱ्या गिअरच्या कडेचे बारके टोकदार दात, ज्यांवर स्लाइडर चढतो, ते पेन्सिल बोथट व्हावी तसे गोल झालेत. खालच्या शाफ्टावर तिसऱ्याच्या दातांना खळगे पडलेत, नखाला लागतात. घरघर तिथली. इनपुट बेअरिंगही खडबडीत. म्हणजे तिसरा गिअर, खालचा पूर्ण शाफ्ट, स्लाइडर, सगळा संच. बेरीज केली तर नव्या टी५झेडच्या निम्म्याच्या वर जातेय आणि केसिंग तेच जुनं.

अण्णा_फिटर

खालचा शाफ्ट गेला की आम्ही दुसरा डबा बसवायचो. खळगे पडलेल्या शाफ्टावर नवा गिअर ठेवला तर म्हातारा नव्या सुनेला पण बिघडवतो.

पॉपकॉर्न_पाटील

अण्णा, या वाक्यावर स्वतंत्र धागा निघेल. जपून.

कलामाझूकर

मग टी५झेड. त्यात पुढचा बेअरिंग रिटेनर स्टीलचा, इनपुट शाफ्टच्या पोटातलं बेअरिंग टेपर, गिअरचं पोलादही चांगलं. बेलहाउसिंग तीच, १० दात्यांची तुझी क्लच प्लेट तीच, २८ दात्यांचा योक तोच, स्पीडोमीटरची केबलही तीच.

पण बसवायच्या आधी हे गणित बघ, नाहीतर पहिल्याच सिग्नलला मला शिव्या घालशील. तुझ्या जुन्याच्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.३५, झेडचं २.९५. मागे ३.०८ ठेवलास तर पहिल्याचा एकूण गुणाकार १०.३ वरून ९.१ वर येतो. गाडी सुटताना सुस्त वाटेल, जणू मागे २.७३ टाकलाय. झेडचा पाचवाही लांब, ०.६३. हायवेला ६५ मैलांवर इंजिन १,६५० च्या आसपास घोरत पडेल.

म्हणून मागचा ३.५५ कर. मग पहिला १०.५, म्हणजे आजच्यासारखाच. पाचव्यात १,९००, आजच्याहून शंभर-सव्वाशेच जास्त. आणि मधले दुसरा, तिसरा, चौथा सगळे सातव्या हिश्शाने आखूड होतात. गाडी तिथेच तर चालवायची असते.

मिसिसागाची_मावशी

हे मान्य. हे गणित बघून मीही त्याला झेडच सांगितला असता. (टीकेएक्स तरी घ्यायला हवा होता.)

बोरूबहाद्दर

मला आता सगळं कळायला लागलंय, आणि ही काळजीची बाब आहे.

डेट्रॉइटचा_दगडू (२४ मे)

धागा वर काढतोय. झेड बसला, मागे ३.५५ बसला. क्राउन-पिनियनचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) लावायला मात्र गाडी गॅरेजात नेली. एका गॅरेजवाल्याने दोन आठवडे लटकवलं आणि आणल्यावर ॲक्सिलरेटर सोडताना हूं हूं असा आवाज, मग दुसऱ्याकडून परत उघडून शिम (पातळ चकत्या) बदलून घेतल्या. म्हणून एवढा उशीर.

आज सकाळी सहाला वुडवर्डवर गेलो, रस्ता मोकळा होता. दुसऱ्यात साडेपाच हजार, क्लच, तिसरा. काहीच ऐकू आलं नाही. एवढं काहीच नाही की मला वाटलं गिअर पडलाच नाही, आणि खाली दांडीकडे बघितलं.

जुना डबा बाकाखाली ठेवलाय. ऑगस्टात कुणी डेट्रॉइटकडे असाल तर कळवा, मागची सीट लहान आहे पण आहे.

पॉपकॉर्न_पाटील

येतोय. फक्त शेजारी बसणार, गुडघे सांभाळून.

अण्णा_फिटर

अभिनंदन. ऑइल कुठलं भरलं?

डेट्रॉइटचा_दगडू

लाल, अण्णा. लाल.